सबस्टेशनची खोली: बांधायची की तयार आणायची?

"पावसाच्या आत लाइन चालू हवी, प्रीफॅबच, म्हणजे कारखान्यात बनलेली तयार खोलीच, मागवून टाका," असं मालक म्हणाले की मी कोटेशन बाजूला ठेवतो आणि आधी जागा बघायला निघतो. कारखान्यांची 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची वीज घेऊन कारखान्याला देणारी) सबस्टेशनं मी 22 वर्षं करतोय, आणि दोन्हीकडून हात पोळून घेतले आहेत.

पहिल्यांदा पोळले ते किनाऱ्याजवळच्या एका मासळी कारखान्यात. घाई होती म्हणून पत्र्याची तयार खोली बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात तळाच्या चौकटीला गंज धरला, आत पॅनेलवर सकाळी दव. आत दमटपणा धरू नये म्हणून लावलेला हीटर तिथल्या वायरमनने "उगाच बिल वाढतंय" म्हणून बंद करून ठेवलेला. तेव्हापासून खाऱ्या वाऱ्यात मी चिऱ्याची भिंत आणि स्लॅबच सुचवतो. घाईच असेल तर आरसीसीची प्रीफॅब, पत्र्याची नाही.

दुसऱ्यांदा लातूरकडे, विटांच्या खोलीत. पाया काळ्या मातीतच थांबवला होता. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन वर्षांत दार अडकायला लागलं ते एक वेळ चाललं असतं, पण जमीन एका अंगाला कलली आणि व्हीसीबीची (वीज तोडणाऱ्या मोठ्या ब्रेकरची) ट्रॉली पॅनेलमध्ये सरळ जाईना. म्हणून आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. फार खोल असेल तर काळी माती काढून मुरूम भरायचा, वर राफ्ट (काँक्रीटची सलग लादी), आणि त्यावर प्रीफॅब. हललीच तर ती अख्खी हलते, भिंती फाटत नाहीत. केबलला मात्र खाली थोडी ढील ठेवा.

प्रीफॅब घेतली म्हणून गवंडीकाम सुटत नाही. जोतं, अर्थिंग, केबलचा खड्डा हे सगळं आलंच. 11 केव्हीची केबल तिच्या व्यासाच्या 12 ते 15 पटींपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. 70 मिलिमीटर जाड केबल धरली तर जवळजवळ मीटरभर झालं. खोलीच्या तळाखाली तेवढा खोल खड्डा आहे का, हे ड्रॉइंगवर मोजून बघा.

ट्रान्सफॉर्मरही आतच बसणार असेल तर उष्णतेचा प्रश्न विचाराच. 1000 केव्हीए (केव्हीए म्हणजे क्षमतेचं माप) ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर 8 ते 10 किलोवॅट उष्णता टाकतो. आयईसी 62271-202 या आंतरराष्ट्रीय मानकात अशा तयार खोल्यांना वर्ग दिलेले आहेत. वर्ग 10 म्हणजे ट्रान्सफॉर्मर उघड्यावर जेवढा तापला असता त्यापेक्षा आत जास्तीत जास्त 10 अंश अधिक तापेल. विदर्भात 45 अंशांच्या दुपारी हे 10 अंश लोड कमी करायला लावतात. वर्ग विचारला की बरेच विक्रेते रंगाच्या छटा दाखवायला लागतात. बांधलेल्या खोलीत खाली जाळी, समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट, एवढ्यावर बरंचसं भागतं.

वेळेचं म्हणाल तर प्रीफॅब जिंकते, कारण खोली कारखान्यात तयार होत असताना तुमचं जोतं उभं राहतं. विटांच्या खोलीत स्लॅब, पाणी मारणं, गिलावा, वाळणं. गिलावा आणि रंग पुरता होईपर्यंत पॅनेल आत आणू नका, ती धूळ वर्षभर निघत नाही. विद्युत निरीक्षकांची मंजुरी दोन्हीला लागते. आणि हायड्रा किंवा मोठी क्रेन जागेपर्यंत पोचेल का, हे आधी रस्त्याने चालत जाऊन बघा.

पाच वर्षांनी लोड वाढणार असेल तर मी बांधायचंच सांगतो, दार मोठं ठेवून. 630 केव्हीएसाठी बनवलेल्या डब्यात 1000 केव्हीए मावत नाही.

जोत्याची उंची शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवा. चिपळूणला जुलै 2021 मध्ये पाणी कुठवर चढलं ते तिथली माणसं भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

आणि काहीही निवडा, हीटरला वेगळी एमसीबी द्या. तिच्याखाली लाल रंगात मराठीत लिहून घ्या: बंद करू नये.