जिम लावायची की घरीच वजनं आणायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा हिशेब

जिमची फी किती आणि डंबेलचा सेट केवढ्याला, एवढ्या दोन आकड्यांवर बहुतेक जण निर्णय उरकतात. मग जानेवारीत जिममध्ये बेंचसाठी रांग लागते आणि जुलैत आरशात फक्त ट्रेनर दिसतो. पैशाचा हिशेब करायचाच आहे, पण शेवटी. आधी रस्ता मोजा, मग खोली.

रस्ता म्हणजे किलोमीटर नव्हे. चप्पल पायात घातल्यापासून पहिला व्यायाम सुरू होईपर्यंत किती मिनिटं जातात, ते घड्याळ लावून बघा. बेळगाव शहरात टिळकवाडी, शहापूर, अनगोळात राहणाऱ्याला दहा मिनिटांत जिम गाठता येते. येळ्ळूर, उचगावहून येणाऱ्याला गाडी काढणं, वाहतूक, पार्किंग धरून अर्धा तास सहज लागतो. जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो, त्यात रेनकोट घालून रोज संध्याकाळी खानापूर गाठायचं हे पहिल्या आठवड्यापुरतं जमतं. एका बाजूचे वीस मिनिटांपेक्षा जास्त होत असतील आणि जिम कामाच्या वाटेवर नसेल, तर घरचा पर्याय आधी धरा. ताकद वाढवायला आठवड्यातून तीन दिवस पुरतात, दोन दिवसही चालतात. पण ते महिनोन् महिने सलग झाले पाहिजेत.

आता खोली. ५ फुटी रॉडवर प्लेटी चढवायला दोन्ही बाजूंना हात जायला हवा, म्हणजे रुंदी किमान ८ फूट. ७ फुटी रॉड आणलात तर १० फूट लागतात, जे जुन्या घरातल्या सोप्यात मिळतात, फ्लॅटच्या बेडरूममध्ये सहसा नाहीत. उंची बघताना लोक पंखा विसरतात. साडेपाच फुटी माणसाने रॉड डोक्यावर नेला की रॉड जवळपास ७ फुटांवर जातो, त्यावर प्लेटीचं अर्धं वर्तुळ. पंख्याची पाती बहुधा त्याच्या जरा वरच फिरत असतात. तेव्हा डोक्यावरचे व्यायाम बसून करा किंवा पंख्याखालची जागा सोडा.

स्लॅब वजन पेलेल का, ही भीती बहुतेक वेळा फुकटची. घरांचे स्लॅब धरताना चौरस मीटरला साधारण २०० किलो चालू भार धरतात. १०० किलोच्या प्लेटी आणि तुम्ही, एवढ्याने काही होत नाही. घात करतो तो आदळा. २० किलोचं डंबेल गुडघ्याच्या उंचीवरून सुटलं की व्हिट्रिफाइड फरशी तडकते, शहाबादीचा कोपरा उडतो. खाली १२ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर १० ते १५ मिलिमीटरची रबर मॅट टाका. एकटी मॅट पुरत नाही, कारण प्लाय आदळा पसरवतो आणि मॅट तो शोषते. कौलारू घराच्या लाकडी माडीवर मात्र वजनं नेऊच नका, खाली पडवीत किंवा परड्यातल्या शेडमध्ये मांडा.

खरा प्रश्न यानंतरचा: तुम्हाला किती वजन लागणार आहे? छाती, खांदे, हात, पाठ यांना ५० किलोचा सेट वर्षभर पुरतो. पायांना तो लवकरच कमी पडतो. नीट शिकलेला नवखा माणूस सहा महिन्यांत स्वतःच्या वजनाच्या आसपास स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठक) मारू लागतो, आणि ते वजन खांद्यावर घ्यायला आणि चुकलं तर सोडायला रॅक, म्हणजे रॉड टेकवायचा उभा लोखंडी सांगाडा, लागतो. रॅक नसताना रॉड जमिनीवरून उचलून मानेमागे घेण्याचे प्रकार करू नका. घरी पायांसाठी वेगळी युक्ती: मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायाची बैठक. दोन्ही हातांत १२ किलो धरून प्रत्येक पायाने दहा बैठका काढा, पुढचा पाय भरून येतो. वजन कमी पडलं तर खाली जाताना तीन सेकंद मोजा आणि खाली एक सेकंद थांबा. यावर वर्ष-दीड वर्ष निघतं. ज्याला पॉवरलिफ्टिंग करायचं आहे, शंभर किलोच्या पुढचा डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं) हवा आहे, त्याने इथेच वाचणं थांबवून जिम लावावी.

बेंच प्रेसचं, म्हणजे बेंचवर झोपून वजन छातीवरून वर ढकलण्याचं, वेगळं सांगायला हवं. घरी एकट्याने, स्टँडला आडवे सेफ्टी बार (सुटलेला रॉड अडवणाऱ्या दांड्या) नसताना, बेंचवर झोपून रॉडने प्रेस करू नका. रॉड छातीवर अडकला की उचलायला कोणी नसतं. डंबेल असतील तर ती दोन्ही बाजूंना टाकता येतात, म्हणून घरी प्रेस डंबेलने. रॉडनेच करायची वेळ आली तर प्लेटींचे नट लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटी सांडता येतात. आवाज होतो, पण जीव वाचतो.

डेडलिफ्टमध्ये दुसरी खोच आहे. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटीचा व्यास ४५ सेंटिमीटर, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. घरच्या १० किलोच्या प्लेटी त्यापेक्षा बऱ्याच लहान, रॉड खूप खाली जातो आणि उचलताना कंबर गोल होते. दुखणं तिथून सुरू होतं. प्लायचे तुकडे एकावर एक खिळून तीन-साडेतीन इंचांच्या दोन पाट्या करा आणि प्लेटी त्यांवर ठेवा. विटा ठेवू नका, दुसऱ्या आठवड्यात फुटतात.

खरेदी. घरच्या सेटची यादी छोटी आहे: १४ इंची दोन डंबेल रॉड, ५ फुटी एक रॉड, ५ किलोच्या सहा, २.५ च्या चार आणि १.२५ च्या चार प्लेटी. प्लेटींचं वजन झालं ४५ किलो. १.२५ च्या प्लेटी दुकानदार सहसा दाखवत नाही, त्या मागून घ्या. त्यांच्याशिवाय दर वेळी ५ किलोची उडी मारावी लागते आणि खांद्याचा व्यायाम महिन्याभरात अडकतो. प्लेटी बिडाच्या घ्या. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या स्वस्त पडतात, पण जाड असल्याने डंबेलच्या रॉडवर तीनच्या वर बसत नाहीत, आणि एकदा कवच फुटलं की सिमेंटची पूड घरभर. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका. ओतकामात फरक पडतो, म्हणून दुकानातल्या काट्यावर प्रत्येक प्लेट ठेवून बघा आणि जवळच्या वजनांच्या जोड्या लावा. भोकंही तपासा. आपला रॉड २८ मिलिमीटरचा असेल तर तो बरोबर न्या, नाहीतर २५ च्या भोकाची प्लेट घरी येते आणि लेथवर न्यावी लागते.

रॉडचं वजन कुणीच धरत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेटर तोंडी सांगेल: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते येतं. २८ चा भरीव रॉड मीटरला ४.८४ किलो, म्हणजे ५ फुटी रॉड जवळपास साडेसात किलो. २५ चा असेल तर सहाच्या आत. जिममधला ७ फुटी ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो. घरून जिमला गेलेला माणूस “तीसच उचलतोय” म्हणत प्रत्यक्षात पन्नास उचलत असतो, आणि उलटंही होतं.

पुल-अपसाठी दाराच्या चौकटीत ताणून बसवायचा बार घेऊ नका, जुन्या चौकटीतून तो सुटतो. एक इंची जीआय पाइप, जाड प्रतीचा, ४ फूट, हा उत्तम. बाहेरची जाडी साधारण ३४ मिलिमीटर येते, मुठीत बसते. कौलारू घरात तो तुळईला टांगा, वाशाला नको. वासे कौलांचा भार घेण्यापुरतेच असतात. लष्करात भरतीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरकडे डोळे लावून बसलेल्या पोरांना तर घरचा सेटही नंतर घेता येईल. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणं, पुल-अप, ९ फुटांची खंदक उडी आणि नागमोडी पट्टीवरचा तोल असतो. त्याला पाइप आणि रस्ता लागतो, केबल मशीन नव्हे.

जिम बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, दुपारी सगळ्याच जिम चांगल्या दिसतात. तुम्ही ज्या वेळी जाणार आहात त्याच वेळी, समजा संध्याकाळी सातला, जा आणि मोजा: स्क्वॉट रॅक किती, त्याभोवती माणसं किती. एका रॅकमागे चारपेक्षा जास्त असतील तर तुमचा तास उभं राहण्यात जाईल. रॅकला सेफ्टी बार आहेत का? डंबेल अडीच-अडीचने वाढतात की मधली जोडी गायब आहे? ट्रेनरला एकच विचारा, “मला स्क्वॉट शिकवायला किती दिवस घ्याल?” पहिल्याच दिवशी दहा मशीनचा फेरा लावून देणारा ट्रेनर शिकवणार नाही. बायकांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी वेळ असते. ती चालते का, आणि त्या वेळी रॉड-प्लेटी वापरू देतात की गुलाबी डंबेल हातात देऊन ट्रेडमिलवर चढवतात, हेही त्याच वेळी जाऊन बघा. फीबद्दल दोन प्रश्न: मध्येच महिनाभर बंद ठेवता येते का, आणि नोंदणीची रक्कम दर वर्षी पुन्हा घेतात का. उत्तर पावतीवर लिहून घ्या.

तालमीचा पर्याय आपल्याकडे अजून आहे, हे विसरायला नको. जोर, बैठका, मुद्गल, करेल (खांद्यावरून फिरवायचं जड लाकूड): फी नाममात्र, आणि चुकलं तर ओरडणारं माणूस समोर. खांदे आणि मनगटं करेलने जशी तयार होतात तशी मशीनवर होत नाहीत. उणीव एवढीच की बैठका पाचशेवर नेल्या तरी वजन वाढत नाही, दम वाढतो. तालमीला जाणाऱ्याने घरी एक रॉड आणि ४० किलो प्लेटी ठेवल्या तर त्याला जिमची गरज क्वचितच पडेल.

आता पैसे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गल्लीतले घाला. महिना ९०० रुपये फी, जाऊन-येऊन १४ किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज ४५, पेट्रोल शंभरच्या भावाने, म्हणजे फेरीला ३१ रुपये. महिन्यात १२ दिवस गेलात तर पेट्रोलचे ३७२, एकूण १,२७२, दिवसाला १०६. पाचच दिवस गेलात तर दिवसाला २११. घरचा सेट समजा १२,००० ला पडला आणि तीन वर्षं वापरला, तर महिना ३३३. शिवाय प्लेटी किलोवर विकल्या जातात, जिमची पावती विकली जात नाही. पण सोप्यात पडून राहिलेल्या रॉडवर टॉवेल वाळत पडले तर तो सगळ्यात महाग सौदा.

म्हणून या भागात चालणारा मार्ग असा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात जिम लावा, वर्षाची नव्हे, तिमाही. या तीन महिन्यांत पाचच गोष्टी शिका: स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्रेस, वाकून रॉड पोटाकडे ओढणं, पुल-अप. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, फेरीत आठ ते बारा वेळा. तिन्ही सेटमध्ये बारा पूर्ण झाले की पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा आणि पुन्हा आठपासून चढा. वहीत लिहा, डोक्यात राहत नाही. मोबाइल बाजूला टेकवून स्वतःचा व्हिडिओ घ्या, कंबर गोल होते ती त्यात दिसते, आरशात दिसत नाही. रक्तदाब, हर्निया किंवा जुनं कंबरदुखीचं दुखणं असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारल्यावर. तिमाहीमागून तिमाही भरत मे महिन्यापर्यंत जिमची सवय टिकली असेल तर पुढची तिमाही भरा. टिकली नसेल, किंवा जिम लांब वाटू लागली असेल, तर घरचा सेट मेमध्येच आणा, म्हणजे पहिल्या पावसाला तो जागेवर बसलेला असेल.

आणि तो बसवताना रॉडला शिलाई मशीनचं तेल लावून फडक्याने कोरडं पुसा. खोबरेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं. रॉड भिंतीला टेकवून ओल्या फरशीवर उभा करू नका, दोन लाकडी खुंट्यांवर आडवा ठेवा. प्लेटीही जमिनीपासून वर. खानापूरकडच्या दमट हवेत आठवड्यातून एकदा हा हात फिरवला नाही तर श्रावणापर्यंत मुठीची जागा तांबडी होते.