स्पॅनिश वर्तमानकाळ: 'आहे'पाशी अडखळू नका

तारकर्लीच्या होमस्टेवर स्पॅनिश पाहुणा उतरला, तर सुरुवातीला तीन क्रियापदं पुरतात: आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे). शेवटचं आर, एर, ईर काढा आणि 'मी'साठी ओ जोडा: आब्लो, कोमो, बिबो. 'तू'ला आब्लास, कोमेस, बिबेस. 'तो-ती'ला आब्ला, कोमे, बिबे. 'आम्ही'ला आब्लामोस, कोमेमोस, बिबिमोस. बाई असो वा बाप्या, रूप तेच. खातो-खातेची भानगड नाही. त, द दातांवरचेच, त्यामुळे उच्चारात आपण निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते.

खरी गोची 'आहे'ची. त्यांच्याकडे त्याला दोन क्रियापदं. ओळख, मूळ गाव सांगायला सेर: 'सोय दे मालवण', मी मालवणचा. आत्ता कुठे आहे, कसा आहे, हे सांगायला एस्तार: 'एस्तोय एन मालवण', मी मालवणात आहे. बांगडा ताजा आहे म्हणायचं तर 'एस्ता फ्रेस्को'. भूक मात्र दोन्हींत बसत नाही. तिथे तेनेर, म्हणजे जवळ असणे: 'तेंगो आंब्रे', मला भूक लागलीय. इथे 'सोय आंब्रे' म्हणाल तर 'मी भूक आहे' असं होईल.

मान देताना 'तुम्ही'ला उस्तेद, पण क्रियापद 'तो-ती'चं: 'उस्तेद कोमे पेस्कादो?' म्हणजे तुम्ही मासे खाता का? इथे कोमेस लावलं की अहो-जाहो आणि अरे-तुरे एकाच वाक्यात.

रोज एकच क्रियापद घ्या, सगळी रूपं मोठ्याने, वाक्यात घालून म्हणा. नुसता तक्ता पाठ केला तर ऐनवेळी जीभ वळत नाही.