जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून कोडिंगचं सेटअप

सांगलीत विश्रामबागला शिकायला जत, आटपाडीकडनं येणाऱ्या बऱ्याच पोरांकडं दादाचा नाहीतर ताईचा जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप असतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर बसत नाही, मग घरचे नवीन घ्यायच्या विचारात पडतात. एवढ्यासाठी कर्ज काढू नका. लिनक्स मिंट २२ ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम, तिचं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन टाका, ४ जीबीत नीट चालतं आणि अपडेट २०२९ पर्यंत आहेत. खर्च करायचाच तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) बसवा.

मिंट इन्स्टॉल करायची आयएसओ फाईल ३ जीबीच्या आसपास आहे, मोबाईलच्या रोजच्या डेटात मावत नाही, कॉलेजच्या वायफायवर उतरवा आणि रुफस या सॉफ्टवेअरनं पेनड्राईव्हवर चढवा, मग लॅपटॉप त्या पेनड्राईव्हवरनं चालू करून इन्स्टॉल करा, पेनड्राईव्ह सगळा पुसला जातो हे लक्षात ठेवा. लॅपटॉपवरचे आणि पेनड्राईव्हवरचे फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडं कॉपी करा. बॅटरी बाद असेल तर चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा, इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली की सगळं पहिल्यापासनं. वायफाय सापडलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी. कमांड इंग्रजी लहान अक्षरात टाईप करायच्या. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं), मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल'च्या पुढं बिल्ड-इसेन्शियल, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) आणि पायथन३-व्हेन्व्ह (पायथनच्या प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी जागा बनवणारं). पहिल्यात सी, सी प्लस प्लसचे कंपायलर आणि मेक येतात, पहिल्या वर्षाला तेवढं बास.

सगळ्यात जास्त घोळ पायथनमध्ये होतो. पिपनं, म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकायच्या टूलनं, काही टाकायला गेलं की 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते आणि कुणीतरी सांगतं 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय लाव म्हणून. अजिबात लावू नका! मिंटचा अपडेट मॅनेजर वगैरे स्वतः पायथनवरच चालतात, तिथल्या लायब्ररीची व्हर्जन बदलली तर तेच बंद पडू शकतात. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हेन्व्ह बनवा, ते ॲक्टिव्हेट करा आणि मगच पिप चालवा, बिघडलं तर तेवढं व्हेन्व्हचं फोल्डर उडवायचं, आपला कोड आणि सिस्टम दोन्ही शाबूत. नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) पण तसंच, एनव्हीएम (नोडची व्हर्जन सांभाळणारं टूल) वापरा, सुडो नको.

शेवटी गिटमध्ये नाव-ईमेल घाला, एसएसएच-कीजेन या कमांडनं की (ओळख पटवायच्या दोन फाईलींची जोडी) बनवा आणि त्यातली पब वाली फाईलच गिटहबला (कोड ठेवायची वेबसाईट) द्या, दुसरी कुणालाही नाही, मित्राला पण नाही.