कॅनडाचं नागरिकत्व: दिवस मोजताना या चुका टाळा

जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात कमरेइतकं पाणी आलं. पाणी उतरल्यावर चिखल काढताना कपाटाच्या खालच्या कप्प्यातली एक प्लास्टिकची पिशवी हाताला लागली. आत पुतण्याचा जुना पासपोर्ट. कोपरा कापलेला, रद्द झालेला, म्हणून तो इथंच ठेवून गेला होता. पानं एकमेकांना चिकटलेली. मी ती पंख्याखाली वाळवली, पोस्टकार्डाच्या कडेनं एकेक करून सोडवली. जिथं मुंबई विमानतळाचे शिक्के होते तिथं नुसते निळसर डाग राहिले होते. "रद्द झालेला पासपोर्ट, टाकून दे की," असं घरात सगळेच म्हणाले. दोन वर्षांनी त्याच पानांसाठी टोरोंटोहून रोज रात्री फोन यायला लागले.

मी बँकेत आयुष्यभर हिशेब जुळवले. त्यामुळं नागरिकत्वाच्या अर्जासाठी त्यानं केलेली दिवसांची मोजणी तपासायला माझ्याकडे आली. त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही पोरापोरींच्या मोजण्या पाहिल्या. कुणी कागलचा, कुणी गारगोटीची, पण चुका जवळपास सारख्याच.

आधी नियम. ज्या दिवशी अर्जावर सही कराल, त्याच्या आधीच्या पाच वर्षांत तुम्ही कॅनडात प्रत्यक्ष १,०९५ दिवस राहिलेले असायला हवेत. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यानंतरचा दिवस पूर्ण धरतात. त्याआधी स्टडी किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा धरतात आणि अशा अर्ध्या दिवसांतून जास्तीत जास्त ३६५ दिवस जमा होतात. ११ ऑक्टोबर २०१७ पासून हा नियम आहे. त्याआधी सहा वर्षांत १,४६० दिवस लागायचे, म्हणून जुन्या लोकांचा सल्ला ऐकताना ते कोणत्या साली नागरिक झाले हे आधी विचारा.

सगळ्यात जास्त दिसलेली चूक मुंबईच्या शिक्क्याची. कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, आपल्याकडे जाताना-येताना दोन्ही वेळा मारतात. मग पोरं पासपोर्ट उघडतात आणि मुंबईच्या शिक्क्यावरची तारीख हीच कॅनडा सोडल्याची तारीख समजून लिहितात. विमान टोरोंटोहून १० तारखेला रात्री नऊला सुटतं, मध्ये युरोपात थांबतं आणि मुंबईत उतरेपर्यंत १२ तारखेची पहाट झालेली असते. कॅनडा सोडला १० ला. ११ आणि १२ हे दोन दिवस तुम्ही तिथं नव्हता, तरी हिशेबात जमा होतात. परतताना उलटं. मुंबईत ४ तारखेच्या रात्री शिक्का बसतो आणि टोरोंटोत पाऊल पडतं ५ ला. ४ तारीख 'परत आलो' म्हणून लिहिली की आणखी एक दिवस फुकटचा आला. एका फेरीत तीन दिवसांचा घोळ.

पुतण्याची बेरीज १,०९७ आली होती. २०२२ च्या नवरात्रातली फेरी नीट लिहिल्यावर ती १,०९४ झाली. एक दिवस कमी, आणि तो त्याच आठवड्यात सही करणार होता. दिवस कमी भरले की अर्ज परत येतो.

निघण्याचा दिवस आणि परतण्याचा दिवस, हे दोन्ही मात्र कॅनडात राहिल्याचे धरतात. त्यामुळं स्वतःहून ते दोन दिवस वजा करायचे नाहीत. ही चूक नुकसान करत नाही, फक्त उगाच थांबायला लावते.

दुसरी चूक म्हणजे १,०९५ भरले त्याच दिवशी सही. का घाई करतात ते मला समजतं. पाच-सात वर्षं परमिट, नूतनीकरण, फी असं चाललेलं असतं, जीव विटलेला असतो. पण एखादी सहल विसरलेली असते, नायगाऱ्याहून पलीकडे जाऊन दोन रात्री राहिलेलं आठवत नाही आणि तेवढ्यावर सगळं अडकतं. तिथलं इमिग्रेशन खातंही १,०९५ पेक्षा जास्त दिवस भरल्यावर अर्ज करा असंच सांगतं. महिनाभर तरी जास्तीचा ठेवावा असं माझं मत आहे. अर्ज नामंजूर झाला तर ५३० डॉलरची प्रक्रिया फी परत मिळत नाही, आणि वेळ जातो तो वेगळाच.

थांबण्यातही एक बारीक गोष्ट आहे. पाच वर्षांची चौकट सहीच्या तारखेबरोबर पुढे सरकते. विद्यार्थी असतानाचे अर्धे दिवस ३६५ च्या खाली असतील तर थांबलेल्या प्रत्येक दिवसाला पुढून एक पूर्ण दिवस मिळतो आणि मागून अर्धा गळतो. म्हणजे तीस दिवस थांबलात तर वाढतील पंधराच. हे लक्षात न घेता लोक कॅलेंडरवर गोल करून ठेवतात आणि त्या तारखेला बेरीज कमीच भरते.

आता कागदांकडे येते. पुतण्या डिसेंबर २०१९ मध्ये जुन्या पासपोर्टवर भारतात आला, इथंच नवा काढला आणि जानेवारीत नव्यावर परत गेला. येण्याचा शिक्का एकात, जाण्याचा दुसऱ्यात. जुन्यातला शिक्का पुरात धुऊन गेलेला. नुसता नवा पाहिला तर भारतातून बाहेर पडल्याची नोंद दिसते, आत आल्याची नाही. त्या काळातले अर्धे दिवस ३६५ ची मर्यादा ओलांडून गेले होते, म्हणून बेरजेला धक्का नव्हता. तरी त्या सहलीची तारीख लिहावीच लागते आणि अंदाजानं लिहिलेली तारीख त्यांच्या नोंदीशी जुळली नाही की शंका तिथूनच सुरू होते. मग लेखी प्रश्नावली येते आणि घरभाड्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्याचे पुरावे मागतात.

आम्ही तारखा अशा जुळवल्या: ईमेलमधली ई-तिकिटं, बोर्डिंग पासचे फोटो, आणि त्याच्या बँकेचं स्टेटमेंट. कार्डानं शेवटचा खर्च टोरोंटो विमानतळावरच्या कॉफीचा होता, त्यावरून निघाल्याची तारीख पक्की झाली. इकडून माझ्याकडे महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट सापडलं, मुंबईहून कोल्हापूरला तो ज्या रात्री निघाला त्या रात्रीचं. शिवाय त्यानं कॅनडाच्या सीमा खात्याकडे माहितीचा अर्ज करून आपल्या प्रवासाची नोंद मागवली. सही करण्याआधी ती मागवून आपल्या वहीशी पडताळणं हे प्रत्येकानं करावं. विमानानं बाहेर पडल्याच्या नोंदी तिकडे २०२० पासून घेतल्या जातात, त्यामुळं तुमच्याआधी त्यांना तारीख ठाऊक असते.

राहण्याचा पुरावा आणि हजेरीचा पुरावा यात गल्लत होते. भाडेकरार, वीजबिल, पगारपत्रक हे तुमचा संसार तिथं आहे एवढंच सांगतात. शेजारच्या राजारामपुरीतली एक मुलगी आईच्या आजारपणात साडेसहा महिने इथं राहिली, माडीवर लॅपटॉप ठेवून रात्री कॅनडाचं काम करत होती. पगार तिकडचा, कर तिकडे भरलेला, टोरोंटोतली खोलीही सोडलेली नव्हती. तिला वाटलं हे दिवस धरतील. एकही धरला नाही. वर आणखी एक गोष्ट निघाली: आधीच्या चार वर्षांत कुठल्याही दुसऱ्या देशात सलग १८३ दिवस किंवा जास्त राहिलं असेल तर तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो. हा दाखला अर्ज भरायच्या आठवड्यात मागायची वस्तू नाही. इथं असतानाच पासपोर्ट खात्याकडून काढून घेतला असता तर तिचे हेलपाटे वाचले असते.

थोडक्यात तीन गोष्टी. पत्ते आणि नोकऱ्यांच्या रकान्यात पाच वर्षांत एकही महिना कोरा सोडू नका, बेकार असाल तर बेकार लिहा. पाचपैकी तीन वर्षांचे कर विवरण, जिथं भरणं लागू होतं तिथं, भरलेले हवेत. आणि इंग्लंड-अमेरिकेच्या पाहुण्यांचे नियम इकडे लावू नका. इंग्लंडात बाहेरचे दिवस मोजतात, पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या वर्षात ९०. अमेरिकेत पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधीच अर्ज करता येतो. कॅनडात असली सवलत नाही.

शेवटी, कधी अर्ज करायचा हे ठरवताना कोल्हापूरकडेही बघा. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व त्याच दिवशी संपतं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९ तसंच आहे. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, पीआर कार्ड बाद, कॅनडाचा पासपोर्ट यायचा असतो, आणि भारतात यायला ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा लागतो. या मधल्या आठवड्यांत घरी कुणाचं काही झालं तर विमानात बसता येत नाही. म्हणून घरात लग्न ठरलंय किंवा आजोबांचं ऑपरेशन आहे, तर आधी येऊन जा आणि मग शपथेची तारीख घ्या. शपथ कॅनडात असतानाच घ्यावी लागते. जमिनीची भीती मात्र बरेच जण उगाच घेतात. वारसानं आलेली उसाची जमीन ओसीआय झाल्यावर जात नाही, सातबाऱ्यावर नाव राहू शकतं. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ते परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू आहेच. मताचा हक्क मात्र खरोखर जातो, आणि आमच्या पुतण्याला तेवढं एकच लागलं.

त्यानं सही केली ती सहा आठवडे थांबून, १,१३६ दिवसांवर. सूनबाईचे दिवस अजून भरायचे आहेत. ती निघाली की टोरोंटो विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो पाठवते, "काकू, आज २७ तारीख," आणि मी वहीत २७ लिहिते.