फिट आणि मेंदूतला जंत : या चुका टाळा

वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. मुलीच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ते मला म्हणाले, "ताई, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मग डुकराचा किडा पोरीच्या डोक्यात गेलाच कसा?" हे जुन्नर तालुक्यातल्या एका शिबिरातलं. फिटच्या रुग्णांसोबत काम करताना हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय, की सुरुवात तिथूनच करते.

"आम्ही माळकरी, आम्हाला कसली भीती?"

डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं, तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. तो चांगला काही मीटर लांब होतो. पण मेंदूत गाठ होते ती मांसाने नाही, तर या कृमीची अंडी पोटात गेल्याने. आणि ही अंडी बाहेर पडतात माणसाच्या शौचातून. तो माणूस ओढ्याकाठी बसला, संडासाच्या टाकीतला मैला शेतात सोडला, किंवा त्याने हात न धुता पीठ मळलं, की पाण्यातून, कोथिंबिरीतून, भाकरीबरोबर ती अंडी कुणाच्याही पोटात जातात. माळ घातलेल्याच्याही. अंड्यातली अळी आतड्यातून रक्तात शिरते आणि मेंदूत जाऊन बसते, तिचीच गाठ होते. कित्येकदा ती वर्षानुवर्षं गप्प असते. मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट येते.

जिथे हा कृमी पसरलेला आहे, तिथे फिटच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे यातल्या कितीतरी फिट मुळातच टाळता येण्यासारख्या.

मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला, हवेली-दौंडकडे, नदीच्या पाण्यावर भाजी पिकते आणि तीच पुण्याच्या ताटात येते. त्यामुळे हा फक्त खेड्याचा आजार मानू नका. कोथिंबीर, मुळा, पात कच्ची खायची असेल तर नुसती पाण्यात बुडवून काढू नका, वाहत्या पाण्याखाली पानं मोकळी करून चोळून धुवा. क्लोरीनच्या थेंबांनी ही अंडी मरत नाहीत. शिजवल्यावर मरतात.

डोक्यात किडा म्हणताच जंताची गोळी

ही चूक जिवावर बेतू शकते. एका आईने रिपोर्ट ऐकला आणि घरी जाऊन शाळेतून मिळालेली जंताची गोळी मुलाला सलग तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी मूल उलट्या करत, डोकं धरून परत आलं. तिचं काय चुकलं? जंत म्हटल्यावर जंताची गोळी, हे कुणालाही सुचेल. पण मेंदूतल्या गाठींमधल्या अळ्या एकदम मेल्या की सूज भडकते. म्हणून स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी आधी होते, आणि औषध देताना बरोबर सूज आवरणारं स्टेरॉइड असतं. गाठ आधीच वाळून चुन्यासारखी झाली असेल, तर जंताच्या औषधाची गरजच नसते. तेव्हा लागतं ते फिट थांबवणारं औषध.

शाळेत फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये देतात ती गोळी चांगलीच आहे, मुलांना जरूर द्या. फक्त तिचा भर मातीतून होणाऱ्या जंतांवर आहे. एका गोळीने फीतकृमी गेला असं धरू नका. आणि ज्याला फिट येते त्याला ती देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फिट थांबली, गोळी थांबवली

दोन महिने फिट आली नाही की डबा कपाटात जातो. कधी लग्न ठरतं म्हणून, कधी सासरी कळू नये म्हणून. गोळी अचानक बंद केली की फिट पुन्हा येते, आणि कधीकधी थांबतच नाही. औषध किती दिवस चालवायचं आणि कमी कसं करायचं, ते डॉक्टरच ठरवतात.

कांदा, चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं, हे सगळं सोडा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली तर १०८.

एकाला औषध, घर तसंच

ज्याच्या आतड्यात फीतकृमी आहे, त्याला बहुधा काहीच होत नसतं. तो स्वयंपाक करतो, पाणी भरतो. म्हणून मेंदूत गाठ निघाली की घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करून घ्या. शौचात पांढरे, चपटे, फितीच्या तुकड्यांसारखे भाग दिसतात का, हे प्रत्येकाला विचारा. लोक हे लाजेने सांगत नाहीत. मी आशाताईंना सांगते, बायकांना एकेकीला वेगळं बसवून विचारा.

त्या माळकरी घरातल्या चौघांचीही तपासणी झाली आणि कुणाच्याच शौचात काही सापडलं नाही. मग आम्ही वस्तीच्या विहिरीकडे गेलो. वरच्या अंगाला, चाळीस पावलांवर, उघड्यावर बसायची जागा होती आणि तिथेच डुकरं फिरत होती.