गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला जाताय? आधी बर्फ मोजा

नेरूळ-वाशीकडचे बरेच जण मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटाला नाहीतर कॅनडाला जातात, आणि बाळंतपण जानेवारीत आलं की थंडी बघून थोडंच चालतं, जावंच लागतं. मी पण असाच गेलो होतो. तिथे एका शनिवारी जावई म्हणाले, बाबा तुम्हाला मासेमारीची आवड आहे ना, चला तळ्यावर. मी सारसोळेच्या खाडीवर लहानपणापासून गळ टाकलेला माणूस, त्यामुळे मासा लागेल याची काळजी नव्हती, पण पायाखालचं पाणी गोठलेलं आहे आणि त्याच्यावर चालत जायचंय हे मला नवीन होतं. ते कसं करायचं ते नीट लिहितो, म्हणजे इथून जाणाऱ्याला उपयोग होईल.

तळं वरून खाली गोठतं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं म्हणून ते तळाला जाऊन बसतं आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं, म्हणूनच बर्फाखाली मासा जिवंत असतो. आता वर बर्फ भुरभुरला की आपल्याला वाटतं थंडी वाढली म्हणजे खालचा थर पण जाड होणार, पण होतं उलटं, तो भुसभुशीत बर्फ गोधडीसारखा काम करतो आणि खालचा थर जाड व्हायचा वेग कमी करतो, शिवाय त्याचं वजन पडतं ते वेगळंच.

जाडीचे आकडे पाठ करा. स्वच्छ, नवीन, काळसर-निळा दिसणारा बर्फ किमान ४ इंच असेल तरच पायी जायचं. स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीला, ५ ते ७ इंच, छोट्या कारला ९ ते १० आणि मोठ्या पिकअपला त्याहून बराच जास्त. जाडी दुप्पट झाली की ताकद साधारण चौपट होते, म्हणजे २ इंच आणि ४ इंच यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हे सगळे आकडे स्वच्छ बर्फाचे. दुधाळ पांढरा बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट पाहिजे. मार्च-एप्रिलचा वितळत आलेला बर्फ फूटभर जाड असला तरी आतून उभ्या काड्यांसारखा सुटा झालेला असतो, त्याच्यावर जाऊच नका.

मोजायचं कसं, तर पट्टी सोडून दोन वस्तू लागतात. एक ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचा मोठा ड्रिल, आणि दुसरी लोखंडी पहार, तिकडे स्पड बार म्हणतात. पहार पुढे आपटत आपटत चालायचं, एकदोन घावात पाणी वर आलं की तिथूनच आपल्याच पावलांवरून मागे फिरायचं. आपल्या खाडीत ओहोटीला गाळात उतरताना जुनी माणसं आधी बांबू टोचतात आणि मग पाय टाकतात ना, अगदी तेच. दर दीडशे फुटांवर ऑगरने भोक पाडायचं, टोकाला वाकडी असलेली पट्टी आत सोडून ते टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचं आणि इंच वाचायचे.

आधी कोणीतरी गेलंय म्हणून आपण जायचं, हे तर अजिबात नको. आम्ही किनाऱ्यावरून निघालो तेव्हा बुटांचे ठसे सरळ पुढे गेलेले होते, मी त्यावरूनच चाललो होतो, आणि सुकलेल्या वेताच्या बेटाजवळ पहार मारली तर ती भस्सकन आत गेली आणि काळं पाणी वर येऊन बुटाच्या टोकापर्यंत पसरलं. जेमतेम दहा पावलं मागे आम्ही ७ इंच मोजले होते! वेत, ओंडके, दगड उन्हाने तापतात आणि आजूबाजूचा बर्फ खातात. ओढा जिथे तळ्यात येतो किंवा बाहेर पडतो ती जागा, पुलाखालची, दोन तळ्यांमधली अरुंद पट्टी, जिवंत झरा असलेली जागा, जिथे जिथे पाणी हलतं तिथे तिथे बर्फ पातळ. तळं एकच असलं तरी जाडी एक नसते.

आवाजाला मात्र घाबरू नका. बर्फ आकसतो-प्रसरतो तेव्हा खालून ढगांसारखा गडगडाट येतो, माझ्या छातीत धस्स झालं होतं, पण नुसत्या आवाजावरून बर्फ कच्चा ठरत नाही आणि शांत आहे म्हणून पक्काही ठरत नाही, मोजलेलं तेवढंच खरं.

आता आत पडलात तर, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यावर खूप वर्षं काम केलंय, त्यांचा हिशोब १-१०-१ असा आहे. पहिलं १ मिनिट श्वास वेडावाकडा होतो, धाप लागते, तेवढ्यात फक्त तोंड पाण्यावर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, बाहेर यायचं ते तेवढ्यातच. आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो, म्हणजे घाबरून लगेच हार मानायची नाही. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला तोंड करा कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. गळ्यात दाभणासारखे दोन टोकदार आइस पिक अडकवलेले पाहिजेत, ते बर्फात रोवायचे, पाय पोहताना मारतो तसे जोरात मारायचे, पोटावर सरकत वर यायचं, आणि वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लोळत लांब जायचं. दुसरा कोणी पडला तर धावत जाऊ नका, दोर फेका, फांदी किंवा शिडी सरकवा, आधी मदतीसाठी फोन करा. एकट्याने जायचंच नाही. सुती कपडे घालू नका, लोकर किंवा थर्मल घाला, वर लाइफ जॅकेट, फक्त बर्फावरून बंद गाडीत बसून जात असलात तर ते काढून ठेवा, काचा खाली आणि सीटबेल्ट सोडलेला. तंबूत हीटर लावला तर हवा खेळती ठेवा, हीटरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

मासेमारी त्यामानाने सोपी. लायसन्स लागतं, बाहेरून आलेल्याला वेगळं, आणि मासे किती न्यायचे त्याला मर्यादा असते. मिनेसोटात बर्फातून एका माणसाला दोन गळ चालतात. साधारण ८ इंचाचं भोक, वर येणारा चुरा झाऱ्यासारख्या पळीने सारखा काढत राहायचा नाहीतर पुन्हा गोठतो. काठी हातभरच, आमिष छोटं, कारण थंडीत मासा सुस्त असतो, हिसका न देता हलकेच उचलायचं आणि सोडायचं. पर्च आणि वॉलाय हे तिकडचे मासे, पर्च तळाजवळ असतो, वॉलाय उजाडताना आणि अंधार पडताना जास्त घेतो. मला चार पर्च लागले, घरी येऊन हळद, मीठ आणि इथून नेलेलं आगळ लावून तळले, लेकीने दोन खाल्ले.

आपल्याकडून लडाखला जाणाऱ्या मुलांसाठी पण दोन शब्द. चादर म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरचा बर्फ, ज्याच्यावरून ट्रेक करतात, वाहत्या पाण्यावरचा थर रोज बदलतो, तिथे वरचे आकडे लावू नका, स्थानिक वाटाड्या काठी आपटून जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा. तिथल्याच पँगाँग तळ्याचं पाणी खारट आहे आणि खारट बर्फ तेवढ्याच जाडीच्या गोड्या बर्फापेक्षा कच्चा असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे बर्फावर २१ किलोमीटरची शर्यत झाली म्हणून आपण पण फोटोला उतरायचं असं नाही, तसल्या शर्यतीआधी बर्फ तपासलेला असतो.

आणि निघताना आपलं भोक तसंच सोडू नका, रात्रीत त्याच्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि वर बर्फ पडला की दिसत नाही. शेजारी एखादी फांदी उभी रोवा, सकाळी पोरं तिथे खेळायला येतात.