कौलारू छप्पर बदलताय? पहिलं कौल उतरण्याआधी बोली पक्की करा

दापोली-गुहागर पट्ट्यात मी आजवर तीन घरांची छपरं बदलून घेतली: आमचं, काकांचं आणि सासुरवाडीचं. प्रत्येक वेळी गावात एकच सल्ला ऐकला, ‘चांगला माणूस बघ आणि दे सोपवून.’ असं सांगणाऱ्याने उघड्या छपराखाली रात्र काढलेली नसते.

वेळेचं गणित सोपं आहे. दिवाळीत सुताराशी बोलायचं, शिमगा संपला की काम सुरू, १५ मेच्या आत शेवटचं कौल वर. मे उजाडला की चाकरमानी येतात आणि सगळ्यांना तोच सुतार हवा असतो.

माणूस निवडताना त्याने यंदा केलेलं काम बघू नका. नवं छप्पर सगळंच देखणं दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं काम बघा, जमल्यास जुलैत. भिंतीवर ओघळ आहेत का बघा आणि घरातल्या बाईमाणसाला विचारा, टोप कुठे कुठे ठेवावे लागतात. खरं उत्तर तिथेच मिळतं.

कौल की पत्रा? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरंच्या घरं उघडी पडली. तेव्हापासून कंत्राटदार तोंड उघडतो तो ‘पत्रा टाका’ म्हणूनच. पत्र्याचं काम त्याचं झटपट उरकतं, हे त्यामागचं अर्धं कारण. त्या वादळात पत्रेही उडाले होते. माझं मत कौलालाच. मात्र वळचणीच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यालगतची, म्हणजे छपराच्या माथ्याजवळची, कौलं तारेने रिपेला (कौलं ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिला) बांधून घ्या.

आता बोली. मी फसलो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या खेपेला आमच्या घराचं काम मी ‘एवढ्याला अंगावर’, म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा, असं तोंडी ठरवलं. एप्रिल संपता संपता गडी आले आणि एका दिवसात दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या बाजू, उतरवून मोकळे झाले. मला कामाचा उरक बघून बरं वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदार म्हणाला, अकरा वासे वाळवीने खाल्लेत, लाकडाचे पैसे वेगळे. आणि दर सांगितला तो बाजाराच्या जवळजवळ दुप्पट. मी घासाघीस करायला गेलो, तर गडी घेऊन तो दुसऱ्या गावच्या कामाला निघून गेला. आठव्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. ताडपत्री वाऱ्याने फाटली. देवघराची भिंत जुनी, चिऱ्यांच्या सांध्यात मातीच. ती माती लाल ओघळांनी खाली येत होती आणि आई देव परातीत घेऊन पडवीच्या कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी मी त्याने मागितलेला दर दिला. दुसरं काय करणार?

म्हणून आता कंत्राटदाराला बोलावण्याआधी मी स्वतः माळ्यावर चढतो. बॅटरी, पेचकस आणि खडू एवढंच लागतं. वासा मधे क्वचितच कुजतो. भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला कुजतो. तिथे पेचकस दाबा. वरच्यावर अडला तर वासा ठीक. बोटभर आत गेला तर खडूने फुली. मधल्या भागावर हातोडीने ठोकून बघा, पोकळ वासा बद्द वाजतो. फुल्या मोजा आणि त्यात तीन-चार वासे वाढवून धरा, कारण कौलं उतरल्यावर काही नवे निघतातच. तो आकडा आणि लाकडाचा घनफुटाचा दर, दोन्ही कागदावर आधी घ्या. साग, किंजळ की आईन, तेही लिहा. ‘बघू, वर चढल्यावर कळेल’ म्हणणारा कितीही गोड बोलला तरी त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसरा घोळ मापाचा. दर ब्रासवर असतो, म्हणजे १०० चौरस फुटांना. पण माप जमिनीवरचं की उतारावरचं? घर ४० बाय २५ असेल तर आपण हजार फूट, दहा ब्रास धरून चालतो. चारी बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली की ते ४४ बाय २९ होतं, आणि उतार ३० अंशांचा असेल तर छप्पर भरतं जवळजवळ पावणेपंधरा ब्रास. कंत्राटदार उतारावरच मोजणार, त्यात त्याचं काही चुकत नाही. तुम्हीही दोरी टाकून आधीच मोजा, म्हणजे बिलाच्या दिवशी भांडण नको. ब्रासला साधारण १४० मंगलोरी कौलं लागतात. या घराला दोन हजारांच्या वर झाली, फुटतूट धरून बावीसशे आणा.

तिसरी अट माझ्याकडून कधीच सुटत नाही: एका वेळी एकच पाखं उघडायचं. त्याच्या रिपा मारून कौलं बसली की मगच दुसरं. गडी कुरकुरतात, कुरकुरू द्या.

पैसे तीन हप्त्यांत. उचल फक्त लाकूड आणि रिपांपुरती, मधला हप्ता पहिलं पाखं झाकल्यावर, आणि दहावा हिस्सा पहिला जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत तुमच्याकडे. हे सगळं वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या. ‘आपल्यात कागद कशाला’ असं कुणी म्हटलं तर कागदाची गरज आहे हे नक्की झालं.

कौलं उतरवताना हातोहात खाली द्या आणि उभी रचा.

रिपा मारण्याआधी नवी कौलं अंगणात आलेली हवीत. चार-पाच कौलं एकात एक अडकवून जमिनीवर मांडा आणि रिपांचं अंतर त्यावरून घ्या. सुताराच्या डोक्यातलं माप चालत नाही. अर्धा इंच जास्त पडला की कौल खालच्यावर कमी चढतं आणि वाऱ्याचा पाऊस थेट आत. बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे कितीतरी कारखान्यांनी तीच घडण उचलली, पण एकाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असं नाही. जुनी खणखणीत कौलं वापरायची असतील तर ती सगळी मागच्या पाख्यावर, नवी पुढच्या. मिसळू नका. जुन्यासाठी रिपांचं माप वेगळं घ्या.

आढ्यावरची कौलं चुन्या-सिमेंटात बसवली की दोन-तीन दिवस पाणी मारा.

पहिला पाऊस लागला की पुन्हा बॅटरी घेऊन माळ्यावर. थेंब दिसेल तिथे वाशावर खडूची खूण करा आणि कंत्राटदाराला बोलावून दाखवा. पैसे बाकी असले की तो त्याच आठवड्यात येतो. उरलेली कौलं गोठ्यामागे उभी रचून ठेवा. फणस पिकायला लागले की माकडं छपरावर नाचतात आणि वर्षाला वीस-पंचवीस कौलं लागतातच.